सॅन होजे आणि पुणं: नावांची फोड, नात्याची जोड

नमस्कार मंडळी,

पुणं आणि आपलं कॅलिफोर्नियातलं सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरं, म्हणजे कराराने मैत्री जोडलेली शहरं, आहेत. आपली मुलं ही दोन्ही नावं सतत घेतात, तर त्यांची फोडही त्यांना यायला हवी.

सॅन होजे म्हणजे संत जोसेफ. १७७७ साली स्पॅनिशांनी वसवलेल्या या गावाच्या जुन्या नावाला 'दे ग्वादालुपे' अशी जोड होती. ग्वादालुपे ही इथलीच नदी. त्यातलं 'ग्वाद' मूळचं अरबी 'वादी', म्हणजे नदीचं खोरं. ते स्पेनमध्ये रुजलं आणि मेक्सिकोमार्गे आपल्या दारात आलं! पुण्याचं नाव राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत 'पुण्यविषय', 'पूनकविषय' असं सापडतं. हा 'विषय' शाळेतला नव्हे. तो त्या काळचा मुलुखाचा विभाग, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा.

म्हणून नावाचा अर्थ लावताना आधी सर्वांत जुनं लिखित रूप गाठा. नुसत्या आजच्या उच्चारावर गेलं की फसगत होते. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द घ्या. 'बुद्रुक' म्हणजे फारसी 'बुजुर्ग', मोठं. 'खुर्द' म्हणजे लहान. इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये अशीच ॲपलबी मॅग्ना आणि ॲपलबी पार्वा आहेत. तिथे मोठं-लहान लॅटिनमधून आलं. वडगाव लोकांच्या तोंडचं, शेपूट दप्तराच्या भाषेतलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता नात्याचं. भगिनी शहरांच्या करारावर महापौर सही करतात, पण सहीबरोबर पैसा येत नाही. काम नागरिकांच्या समितीवर पडतं, आणि समिती दोघांच्याच उत्साहावर चालली की ते दोघे थकल्यावर पत्रव्यवहार बंद पडतो. दोन्हीकडे निदान तीन-तीन माणसं हवीत, एकेक शाळा हवी आणि ठरलेला वार हवा.

वेळ मात्र जपून ठरवा. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला इथली मुलं पुण्याच्या मुलांशी ऑनलाइन बोलायला बसली, तर उन्हाळ्यात पुण्यात शनिवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की नऊ. पुण्याची घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे तिकडे आधी कळवलं नाही तर ती मुलं तासभर ताटकळतात.

पहिल्या बैठकीला प्रत्येक मुलानं आपल्या गल्लीचं किंवा आजोळच्या गावाचं नाव आणायचं, आणि ते कुठल्या जुन्या कागदात, नकाशात किंवा पाटीवर पाहिलं ते सांगायचं.