हिरवं कार्ड आहे, पण फ्लोराइड किती?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, शेजारच्या चंद्रपूर आणि नांदेडमध्येही, काही गावांत लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. आई म्हणते, नीट घासत नाही. बायांनो, लेकराला रागावू नका. ते डाग घासून जाणारे नाहीत. आठेक वर्षांपर्यंत पक्क्या दातांचं कवच तयार होत असतं. त्या काळात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं, तर डाग कवचातच पडतात. असंच पाणी वर्षानुवर्षं पीत राहिलं तर सांधे आणि मणका आखडतात. आखडलेला मणका पुन्हा मोकळा करणारं औषध नाही, म्हणूनच मी आधी तपासा म्हणतो.

हे फ्लोराइड खडकातलं आहे. खोलवर पाणी जितका काळ खडकात राहतं, तितकं फ्लोराइड त्यात विरघळत जातं. विहिरी आटल्या, आपण बोअर खोल खोल नेले, आणि हे पाणी वर आलं.

लोक म्हणतात, पाणी नितळ आहे, चवीला चांगलं आहे, ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे. ते कार्ड मिळवलंत, चांगलंच केलंत. गावच्या पाण्याच्या पाहणीत धोका कमी दिसला की ते मिळतं. पण त्या पाहणीत मुख्यतः पाण्याभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) साठा पाहतात. टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं. पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. फिल्टर विकणारे मीटर बुडवून टीडीएस दाखवतात. तो सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज; त्यात फ्लोराइड किती, हे त्या मीटरला कळत नाही.

भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. गावातल्या दोन बोअरचे आकडे अगदी वेगळे निघू शकतात, म्हणून ‘गावचं पाणी तपासलं’ हे उत्तर मला पुरत नाही. कोणता बोअर, ते सांगा.

नमुना घेताना हातपंप आधी थोडा वेळ चालवा, नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको. त्याच पाण्याने विसळा, वर जागा आणि तारीख लिहा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीचं किट शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. किटचा रंग बघून अंदाज येतो. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

आकडा जास्त आला तर बोअर बुजवू नका. धुण्याभांड्याला, आंघोळीला ते पाणी चालतं. हातपंपाला लाल रंग द्या, ‘पिण्यासाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. पिण्यासाठी जुन्या उथळ विहिरीचं पाणी तपासून बघा, तिथे फ्लोराइड बहुधा कमी असतं. मात्र शेजारी उकिरडा किंवा खत दिलेलं शेत असेल तर नायट्रेटही मोजून घ्या. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त.