दुर्बीण थांबते तिथून पुढे

नमस्कार श्रोतेहो. पोटात वरचेवर कळ येते, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरत चाललंय, आणि दुर्बिणीचा रिपोर्ट मात्र नॉर्मल. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. कारण बरंचसं आतडं तपासायचं राहूनच गेलेलं असतं.

तोंडातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते. गुदमार्गाने घातलेली मोठं आतडं ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात जेमतेम डोकावते. मधलं कित्येक फुटांचं वेटोळं तसंच राहतं, आणि क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार, तिथेही दडून बसतो. शिवाय त्याची सूज आतड्याच्या भिंतीत आरपार जाते. दुर्बिणीला दिसतं ते फक्त आतलं अस्तर. आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्याचं तसं नाही. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात असतो, तिथे दुर्बीणच खरी.

क्रोन्ससाठी मात्र सीटी एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतडं फुलवून काढलेला सीटी स्कॅन, मोलाची. पोटाच्या नेहमीच्या सीटीपेक्षा ही वेगळी ठरते ती पिण्यामुळे. रिकामं आतडं हवा गेलेल्या ट्यूबसारखं मिटलेलं असतं. मिटलेली निरोगी भिंतही जाड दिसते आणि खरा आजार घड्यांत लपतो. म्हणून स्कॅनच्या आधी पाऊण ते एक तासात साधारण दीड लिटर द्रव प्यायला देतात. त्यात मॅनिटॉल किंवा सॉर्बिटॉलसारखं काहीतरी असतं, त्यामुळे पाणी शोषलं न जाता आतड्यातच थांबतं आणि आतडं छान फुलतं. शेवटचा ग्लास नकोसा होतो, नंतर एखाद-दोन जुलाबही होतात. तरी तो ग्लास सोडू नका, एवढं मी हात जोडून सांगते. अर्धवट प्यायलेल्या रुग्णाचं चित्र वाचताना आम्हालाच चाचपडावं लागतं.

मग हाताच्या शिरेतून आयोडीनचं डाय देतात, आणि पाऊण मिनिटाच्या आसपास, रुग्णाने श्वास रोखून धरलेला असतानाच, पोटाच्या बारीक बारीक चकत्यांची चित्रं निघतात. प्यायलेला द्रव काळपट दिसतो, सुजलेली भिंत त्याच्या कडेने उजळून उठते. फुललेल्या लहान आतड्याची भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड दिसली की नजर थबकते. आतलं अस्तर उजळ, मधला थर फिका, बाहेरची कड पुन्हा उजळ, असे पदर सुटे होतात. आणि त्या भिंतीकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या फुगून शेजारी शेजारी उभ्या राहतात, अगदी फणीचे दात. आम्ही त्याला ‘कोम्ब साइन’च म्हणतो. ती फणी दिसली, की आजार बहुधा आत्ता पेटलेला आहे.

भिंतीखेरीज आणखीही दिसतं: अरुंद झालेली जागा आणि तिच्या मागे तुंबून फुगलेलं आतडं, एका वेटोळ्यातून दुसऱ्यात उघडलेला आडमार्ग, म्हणजे फिस्टुला, पोटात साठलेलं गळू. गळू दिसलं तर उपचारांचा क्रमच बदलतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी पू काढावा लागतो.

आतड्याचा क्षयरोग चित्रात हुबेहूब असाच दिसू शकतो. त्यामुळे नुसत्या स्कॅनवर शिक्कामोर्तब होत नाही. बायोप्सी, रक्त आणि शौचाच्या तपासण्या सोबत लागतात.

किरणांचा प्रश्न मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. हा आजार बऱ्याचदा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि जन्मभर सोबत राहतो. दर वेळी सीटी केला तर क्ष-किरणांचा डोस साठत जातो. तातडीची वेळ असेल, गळूची शंका असेल, तर सीटी करावाच. नुसती प्रगती पाहायची असेल, तर ‘एमआरआय किंवा सोनोग्राफीने भागेल का?’ असं डॉक्टरांना बेधडक विचारा, तरुण मुलामुलींच्या बाबतीत तर नक्कीच. गरोदरपणाची शक्यता, किडनीचा त्रास, पूर्वी डायची आलेली अ‍ॅलर्जी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असणं, हे सगळं टेबलावर झोपण्याआधी सांगा.

आणि येताना जुन्या स्कॅनची सीडी आणा. नुसता कागदी रिपोर्ट नको. मागच्या वर्षीची भिंत आणि आजची भिंत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की औषध लागू पडतंय का ते आम्हाला तिथेच कळतं.