उतार मंगळवारी कळतो

समर्थ मंदिर मागं टाकलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटानं वर जाते नि याच घाटानं खाली येते, त्यामुळं रविवारी पहाटे इथं प्रॅक्टिसला ही एवढी गर्दी. ते पुढं निळ्या टीशर्टातले आपले काका. वय ६१, बँकेतनं रिटायर्ड. चढाला त्यांना गाठायचं तर पोरांनापण जड जातं, खोटं नाही सांगत.

पण आपल्याला त्यांचा उतार बघायचाय.

चढताना दम लागतो, छाती धडधडते, पण मांडीला तसा मार कमी बसतो. उतरताना उलटं होतं, अंग खाली ओढलं जातंय आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारतोय, प्रत्येक पावलाला, आणि त्यात तंतूंना बारीक बारीक इजा होत राहते जी त्या वेळी कळतच नाही, उलट मजा येते, वारं लागतं, घड्याळात पेस एकदम भारी दिसतो. दुखायला लागतं सोमवारी. आणि हे बघा मंगळवारचे काका, जिना उतरतायत, कठड्याला धरून, तिरके, एकेक पायरी.

तिशीतल्या पोराचंपण दुखतंच की, पण तो लवकर सावरतो. साठीत स्नायू दुरुस्त करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि गाढ झोपही घटलेली असते, म्हणजे गॅरेजमध्ये मेकॅनिक कमी नि शटरपण लवकर बंद.

मग काकांनी काय केलं, तर आठवडाच लांबवला. जोरदार रन नऊ-दहा दिवसांतनं एकदा, रविवारच पाहिजे असं पायांना कोणी सांगितलंय? मधले दिवस सपाटीला, गप्पा मारता येतील इतकं सावकाश, नाहीतर नुसतं चालणं. उतार पूर्ण सोडायचा नाही, अधूनमधून थोडा थोडा घ्यायचा, कारण एकदा उतार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला कमी दुखतो.

आता नाष्टा. रन झाला की टपरीवर पोहे नि चहा, ही आपली पद्धत, आणि पोह्यात प्रोटीन नावालाच. वय वाढलं की स्नायूंना त्याच कामासाठी जास्त प्रोटीन लागतं, एका वेळेला वजनाच्या किलोमागं साधारण ०.४ ग्रॅम. काकांचं वजन ६० किलो, म्हणजे झाले २४ ग्रॅम, चार अंडी धरा. काकूंच्या किचनमध्ये अंडं चालत नाही, मग पनीर, मटकीची उसळ आणि वर ग्लासभर दूध. पोहे खातातच, ते काय सुटत नाहीत.

एक खोड मात्र खरंच वाईट, रेसच्या आधी पेनकिलर घ्यायची. पळताना अंगातलं पाणी कमी झालेलं, किडनीला रक्त आधीच कमी पोचतंय, त्यात आयबुप्रोफेनची गोळी. कशाला पाहिजे?

कोणीतरी म्हणेल, मग कॅनडाचे एड व्हिटलॉक? २००४ साली टोरांटोत, ७३ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत, आणि प्रॅक्टिसला तीन-तीन तास पळायचे. बरोबर आहे, पण ते पळायचे घराजवळच्या कब्रस्तानात, छोट्या छोट्या फेऱ्या मारत, एकदम सावकाश. आणि काही दुखावलं की बरं होईपर्यंत सरळ थांबायचे, मग त्यात महिने गेले तरी चालतील. ही गोष्ट कोणी स्टेटसला ठेवत नाही.

काका कधीकधी अजून एक करतात. घाट पळत चढायचा आणि खाली यायचं एसटीनं. ग्रुपमधले हसतात, कंडक्टरपण हसतो. तिकीट मात्र फुल काढावं लागतं, ज्येष्ठांची सवलत ६५ पासून आहे, त्याला काकांना अजून अवकाश आहे.