सावलीवर तलवार चालत नाही

(झाडीपट्टीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पुढे सतरंजीवर शाळा-कॉलेजची पोरं आहेत आणि मागे खुर्च्यांवर त्यांचे काका-आजोबा. पोरांना गेम म्हणजे काय हे सांगायला नको, पण मागच्यांसाठी एवढंच सांगतो. धान घरात आलं की आपल्याकडे रात्र-रात्रभर नाटकं चालतात. खलनायक नायकाला फसवतो तेव्हा मंडपातला माणूस तळमळतो, ओरडतो, पण त्याला उठून स्टेजवर जाता येत नाही. गेममध्ये तो बसलेलाच स्टेजवर असतो. नायकाचे हातपाय त्याच्या अंगठ्यांत असतात. आजचं सगळं बोलणं या अंगठ्यांबद्दल आहे.

विषय आहे नायकाच्या आतला काळोख आणि त्याची मैत्री. नवशिके याची सुरुवात हमखास संवादापासून करतात. नायक डोळे मिटून म्हणतो, "माझ्या आत एक राक्षस आहे." मित्र खांद्यावर हात ठेवतो. मग गेम पुढे सरकतो आणि खेळणारा आधी दाबत होता तेच बटण दाबून तेच राक्षस मारत राहतो. काळोख तोंडात आला, अंगठ्यापर्यंत पोचलाच नाही. असे संवाद तर लोक वाचतही नाहीत, टपाटपा पुढे ढकलतात. काळोख नियमात हवा. मैत्रीही नियमात हवी, आणि माझ्या मते दोघांचे नियम एकाच गोष्टीवरून भांडले पाहिजेत. ते कसं, ते पुढे येईल.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९८९चं आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी जवळपास एकट्याने लिहिला. धावणं, उडी मारणं, लोंबकळणं या हालचालींसाठी त्याने आपल्या धाकट्या भावाचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. त्यातच कॉम्प्युटरची मेमरी भरली. शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा उरली नाही. मग त्याने राजपुत्राचंच चित्र घेतलं, एक ठिपका बाजूला सरकवलं आणि एक्सऑर नावाच्या गणिती क्रियेने मूळ चित्रावर टाकलं. जिथे दोन्ही चित्रं सारखी, तिथला रंग पुसला गेला आणि कडा तेवढ्या उरल्या. राजपुत्रासारखीच धावणारी, चमचमती, भुतासारखी आकृती तयार झाली. ती आकृती म्हणजेच त्याची सावली. जागा नव्हती म्हणून आतला शत्रू जन्माला आला.

आता ही सावली काय काय करते बघा. चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा आडवा येतो. त्यातून धावत उडी मारावी लागते. मारली की सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि राजपुत्राचा जीव दाखवणाऱ्या ठिपक्यांतला एकच उरतो. पाचव्या पातळीवर तुम्ही ज्या बाटलीसाठी जिवाचं रान केलं, ती सावली तुमच्यादेखत पिऊन जाते. सहाव्या पातळीवर तुम्ही दाराशी लोंबकळणार, एवढ्यात ती कळ दाबते आणि दार बंद करून तुम्हाला खाली पाडते. एक शब्द न बोलता तिने तुम्हाला चिडवलेलं असतं. बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर येते. तुम्ही वार करता, तिचा एक ठिपका जातो आणि तुमचाही जातो. तिला मारलं की तुम्ही मेलात. उपाय एकच: तलवार म्यान करायची. म्हणजे खाली जाणाऱ्या बाणाची कळ दाबायची आणि शांतपणे तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. त्यानंतर समोर जमीन दिसत नसते, तरी धावलं की पायाखाली ती तयार होत जाते. या साऱ्या गेमला साठ मिनिटांची मुदत आहे. घड्याळ चालू असताना तलवार खाली ठेवणं किती जड जात असेल, याचा अंदाज करा.

दुसरं उदाहरण १९९१चं, फायनल फँटसी फोर. सेसिल हा काळ्या चिलखतातला सरदार. राजाच्या हुकुमाने त्याने मिसिडिया नावाचं गाव लुटलेलं असतं. पुढे नशिबाने तो त्याच गावच्या किनाऱ्याला लागतो. आता खेळणाऱ्याला तिथल्या घराघरांतून फिरावं लागतं. गावकरी शिव्याशाप देतात, कुणी मंत्र घालून बेडूकही करून टाकतं. केलेल्या पापाची आठवण करून द्यायला निवेदक लागत नाही. मग त्याच गावचा मुखिया पालोम आणि पोरोम ही दोन जुळी पोरं सोबत देतो आणि डोंगर चढायला पाठवतो. या डोंगरावर मढी उठून अंगावर येतात, आणि गंमत अशी की सेसिलची काळी तलवार मढ्यांवर जेमतेमच चालते. त्याची खास शक्तीही स्वतःचाच जीव जाळून वार करते. त्यामुळे डोंगरभर काम करतात ती जुळी पोरं आणि टेला नावाचा म्हातारा जादूगार. नायक मागे पडतो आणि पोरं त्याला वर नेतात. शिखरावर सेसिल उजळ योद्धा होतो आणि आरशातून त्याचंच जुनं रूप उतरतं. तिथेही उलटा वार करायचा नाही, मार सोसत उभं राहायचं. या बदलात त्याच्या ताकदीची पातळी परत एकवर येते. सगळी कमाई पाण्यात. मला हा निर्णय फार आवडतो, कारण चांगलं होण्याची किंमत इथे आकड्यात मोजलेली आहे.

पर्सोना फोर, २००८चा. तिथे सावली स्वतःच बोलते. माणूस म्हणाला "तू म्हणजे मी नाहीच", की ती फुगते आणि राक्षस होते. मान्य केलं की तीच त्याची शक्ती बनते. यात बोलणं बरंच आहे, पण मैत्रीचा हिशेब नीट ठेवलाय. सोबत्याशी ओळख वाढत गेली की पुढे तो नायकावर येणारा जीवघेणा वार स्वतःच्या अंगावर घेतो.

किंगडम हार्ट्स, २००२. यातला एकच प्रसंग सांगतो. नायक सोरा, त्याचा मित्र रिकू. रिकू काळोखाकडे गेलेला आहे, आणि तो सोराच्या हातातली किल्लीची तलवार काढून घेतो. सोराचे सोबती डोनाल्ड आणि गूफी यांना हुकूम आहे की किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यामागे जायचं. ते जड पायांनी निघून जातात. सोराच्या हातात उरते लाकडी तलवार. तिने वार होतात, पण शत्रूला त्याचं फारसं काही वाटत नाही. बीस्ट नावाचा एक सोबती तेवढा बरोबर असतो आणि लढाई त्यालाच लढावी लागते. पुढे रिकूचा वार येतो तेव्हा गूफी हुकूम मोडून ढाल आडवी धरतो. तोपर्यंत खेळणाऱ्याने काही मिनिटं लाकडी तलवारीने हवा मारलेली असते, म्हणून ती ढाल लागते मनाला.

आता करायचं कसं. लॅपटॉप जुना असला तरी चालेल. गोडो हे गेम बनवायचं इंजिन फुकट आणि मुक्त आहे, उतरवायला हलकं आहे. प्रकल्प सुरू करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, कुठला हवा ते विचारतो, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा, बाकीचे दोन जुन्या यंत्रावर रडवतात. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवरही गोडोचा एडिटर चालतो. ओटीजी केबलने कीबोर्ड लावा, नाहीतर बोटाने कोड लिहिता लिहिता जीव जाईल. आणि लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून दर बदलानंतर सेव्ह करा.

पहिला व्यायाम म्हणजे पाठलाग करणारी सावली. २०१८च्या सेलेस्ट या गेममध्ये मॅडलिन डोंगर चढते आणि तिच्यातलीच दुसरी बाई आरशातून निघून तिच्या मागे लागते. तुम्ही केलेली प्रत्येक हालचाल ती थोड्या वेळाने जशीच्या तशी करते. हे बनवायला डोकं फार लागत नाही. गोडोमध्ये फिजिक्सचा, म्हणजे हालचालींच्या हिशेबाचा ठोका सेकंदाला ६० वेळा पडतो. प्रत्येक ठोक्याला नायकाची जागा, तोंडाची दिशा आणि चालू ॲनिमेशनचं नाव एका यादीत लिहायचं. यादी ९० खणांची. खण भरले की सगळ्यात जुन्यावर नवं लिहायचं, आणि पुसण्याआधी त्या जुन्या खणातली जागा सावलीला द्यायची. सावली बरोबर दीड सेकंद मागे चालते. एका खणाला दहा बाइट धरले तरी सगळं मिळून ९०० बाइट.

बिघडतं कुठे? एक, पोरं जागा न लिहिता दाबलेली बटणं लिहितात. मग थोडा थोडा फरक साचत जातो आणि सावली भिंतीत शिरते किंवा खड्ड्यात पडते. दोन, फिजिक्सच्या ठोक्याऐवजी पडद्यावरचं चित्र बदलतं त्या ठोक्याला लिहितात. फोन तापून मंद झाला की दीड सेकंदाचे अडीच होतात. तीन, नवीन खोलीत शिरताना यादी रिकामी करायला विसरतात, आणि सावली अख्खा पडदा ओलांडून एकदम डोक्यावर येते. खेळणारा थांबला की सावली त्याला गाठते, हे मात्र चूक समजून काढू नका. थांबलं की गाठते, हाच तर तिचा स्वभाव.

दुसरा व्यायाम मोठा आहे. नायक शेतावर जागलीला गेलाय. रात्र आहे आणि जंगलातून राक्षस येतात, दहा राक्षस, प्रत्येकाचा जीव ९०. साधा वार १० चा, काळा वार ३० चा. काळ्या वाराने राक्षस तिनातच पडतो, पण दर वाराला काळोखाची पट्टी ८ ने वाढते. पट्टी ७० ला पोचली की साधा वार बंद होतो, प्रत्येक वार काळाच पडतो. उतरून ५० च्या खाली आली की साधा वार परत. हे दोन आकडे वेगळेच ठेवा. दोन्ही ठिकाणी ७० ठेवलं तर पट्टी ६९ आणि ७० मध्ये नाचते आणि नायक दिव्याच्या खराब बटणासारखा चालू-बंद होत राहतो.

आता मित्र आणा. मित्राच्या हातात कंदील. हाक मारली की तो जवळ येऊन वात मोठी करतो. उजेडाच्या तीन चौकोनांत काळोख सेकंदाला ४ ने उतरतो आणि तेल सेकंदाला १ जळतं. तेल एकूण ४०. पण उजेडात तुम्ही राक्षसांनाही दिसता, एरवी ते तीन चौकोनांवरून ओळखतात, उजेडात आठांवरून. आता हिशेब करा. सगळे राक्षस काळ्या वाराने मारायचे तर ३० वार, म्हणजे २४० काळोख. कंदील १६० उतरवतो, वर ७० पर्यंत सोसता येतं. झाले २३०. दहा कमी पडतात. हे दहा मुद्दाम कमी ठेवलेत. कुठला तरी एक राक्षस साध्या हाताने घ्यावा लागतो, नाहीतर धुऱ्याआड बसून टाळावा लागतो. मघाशी म्हणालो तेच हे भांडण: काळोख आणि मैत्री, दोघं त्याच तेलावर जगतात.

मित्राला आठवण द्या. तो दोन चौकोनांत असताना काळा वार केला तर तो मागे सरकतो आणि दहा सेकंद हाकेला ओ देत नाही. तिसऱ्यांदा असं झालं तर कंदील घेऊन झोपडीकडे जातो, तिथून त्याला आणावं लागतं. यात एकही संवाद नाही. आणि मित्र मरू देऊ नका. सोबत्याचा जीव सांभाळायला लावलं की खेळणारा दहा मिनिटांत त्याला वैतागतो, मग मैत्री कसली. मित्र आणि नायक यांची टक्कर बंद ठेवा, नाहीतर अरुंद पांदीत मित्र वाट अडवून उभा राहील. नायक दोन चौकोनांपेक्षा दूर गेला तर मित्राने निघायचं, एका चौकोनावर आला की थांबायचं. मित्र पडद्याबाहेर अडकला तर गुपचूप उचलून नायकाच्या मागे आणून ठेवायचा.

एक आपल्या भागाची अडचण. काळोखाचा गेम म्हणून पोरं सगळं काळंकुट्ट रंगवतात. रात्री खोलीत छान दिसतं. मे महिन्यात भर दुपारी लिंबाखाली बसून स्वस्त फोनवर उघडा, फक्त स्वतःचं तोंड दिसेल. म्हणून जमीन गडद निळी-जांभळी ठेवा आणि नायक-राक्षसांना फिकट कड द्या. काळोख वाढला हे पडदा काळा करून सांगू नका. रंग उतरवा, आवाज घोगरा करा, फोन थरथरवा. बटणं किमान ९ मिलिमीटरची ठेवा. घामेजल्या अंगठ्याला त्याहून लहान सापडत नाही.

मघाशी एका पोराने चिठ्ठी पाठवली: "सर, सावलीले मारूनच टाकलं त काय होते?" चांगला प्रश्न. मारता आलंच नाही पाहिजे, पण का येत नाही ते त्याला कळलंही पाहिजे. आधीच एकदा, कमी धोक्याच्या जागी, तिला लागलं की आपल्यालाही लागतं हे दाखवा. शेवटच्या लढाईत पहिल्या पराभवानंतर काही सांगू नका. दुसऱ्यानंतर तिच्या जिवाची पट्टी पडद्यावरून काढा. तिसऱ्यानंतर सावलीने स्वतः दोन सेकंद तलवार खाली करावी, बस. आणि तलवार म्यान करण्याचं बटण पहिल्या पाच मिनिटांतच शिकवलेलं असू द्या, एखादं दार उघडायला वापरायला लावा. शेवटी एकदम नवीन बटण मागितलं तर लोक शिव्या देतील आणि त्यांचं बरोबर असेल.

बनवलेला गेम पाच-सहा जणांच्या हातात द्या आणि तोंडाला कुलूप लावा. पडद्याकडे बघू नका, त्यांच्या अंगठ्यांकडे बघा. सावलीसमोर अंगठा कुठे थांबला ते वहीत लिहा.

शेवटचं, फोनवर चालणारी फाइल काढायला गोडोचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट, म्हणजे तयार साचे लागतात, ते जवळपास एक जीबीचे आहेत, शिवाय जेडीके आणि अँड्रॉइडचं एसडीके ही ॲप बांधायची साधनं. प्रत्येकाने आपापला डेटा जाळू नका. एकाने तालुक्याला जाऊन उतरवून पेन ड्राइव्हवर आणा आणि बाकीच्यांना द्या. फक्त गोडोची आवृत्ती सगळ्यांची एकच असू द्या, दुसऱ्या आवृत्तीचे टेम्प्लेट तो घेत नाही.