पटावर आभाळ नसतं

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या रविवारी सांगलीतल्या आमच्या बुद्धिबळाच्या बैठकीत एक पाहुणे आले होते. आमच्यातल्याच एकांचे पुण्याचे जावई. तासभर उभं राहून त्यांनी चार डाव बघितले आणि निघताना मला विचारलं, "काका, ही सगळी मंडळी करतात काय?" मी एकेकाकडे बघत सांगत गेलो. खिडकीपाशी बसलेले मार्केट यार्डात हळदीचे अडते. त्यांच्या पलीकडे एक सिस्टर, रात्रपाळी करून आलेल्या. कोपऱ्यात निवृत्त सुभेदार. त्यांच्यासमोर द्राक्षबागायतदार. आणि मी एसटीचा माणूस, एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. जावई म्हणाले, "बरोबर आहे. ज्यांना कामात डोकं लागतं, ती माणसं अशा खेळाकडे वळणारच."

आठवडाभर हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. ऐकायला ते पटतं. पण इतकी वर्षं या माणसांसमोर बसून खेळल्यावर मला वाटतं, गोष्ट जवळजवळ उलटी आहे. कामात जे करतो तेच पुन्हा करायला माणूस पटाशी बसत नाही. कामाने जे त्याला कधी दिलं नाही, ते घ्यायला तो येतो.

आमच्या द्राक्षवाल्यांपासून सुरुवात करतो. ते तासगावकडचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी मोहरं उचललं की आधी त्यांची नखं दिसतात, कडांना मोरचुदाचा हिरवट-निळा रंग. फवारणीच्या दिवसांत तो धुऊनही जात नाही. द्राक्षबाग म्हणजे वर्षभराचा डाव आहे, श्रोतेहो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. काडीवर डोळे किती ठेवायचे, कोणता फुटवा काढायचा, घडांची विरळणी कधी करायची, जीएच्या डिपिंगला, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायला, कोणता दिवस धरायचा. यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक चाल, आणि एक चुकली की पुढच्या चार अडचणीत. तरीही अण्णा एकदा मला म्हणाले, "आमच्या बागेत अर्धा डाव आभाळ खेळतं." फुलोऱ्यात दोन दिवस ढगाळ हवा आणि पाऊस राहिला, की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि घड जागेवर कुजतात. सगळं नीट केलेलं असतं, तरी माणूस हरतो. माल हाती लागलाच, तर व्यापारी पैसे देईल की नाही हाही घोर असतोच.

अण्णा पुढे जे बोलले ते मी विसरलो नाही. "इथं हरलो तर मीच हरलो. घरी जाताना बरं वाटतं."

हरल्यावर बरं वाटतं, हे ऐकून मी तेव्हा गप्प बसलो. आता कळतं. पटावर आभाळ नसतं. दोघांची सगळी मोहरी दोघांनाही दिसतात. घोडा अडीच घरंच जातो, उंट तिरकाच चालतो, मध्येच कुणी भाव पाडत नाही. ज्याच्या कामात नशिबाचा हात मोठा, त्याला हा उघडा पट किती मोलाचा वाटत असेल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग धंद्याचा खेळावर काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण तो हातात दिसतो. अण्णा जास्त मोलाचा हत्ती देऊन घोडा घेतात आणि चेहऱ्यावर काही नसतं. चांगली दिसणारी काडी कापायची त्या हातांना सवय आहे. कापलं तर फळ येतं, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. मला तसा हत्ती अजून देता येत नाही.

सुभेदारांचं याच्या उलट. ते सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावचे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत पाठवणारं हे गाव, नावातच मिलिटरी. ते मुलीकडे सांगलीला राहायला आले आणि बैठकीत रुळले. ज्याने आयुष्य फौजेत काढलं तो पटावर चढाई करणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. सुभेदार सगळ्यात सावध खेळतात. चौथ्या-पाचव्या चालीला किल्लेकोट करून राजा हत्तीच्या आडोशाला नेतात आणि एक प्यादंसुद्धा फुकट जाऊ देत नाहीत. प्यादं पडलं, की ते उचलून पटाबाहेर नीट उभं करून ठेवतात, आडवं पडू देत नाहीत. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

फौजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ, पायदळ, सगळी सेनाच आहे, आणि शह-मात ही भाषाही लढाईची. पण खऱ्या सैन्याने सरावासाठी स्वतःचा खेळ तयार केला तेव्हा तो बुद्धिबळासारखा झाला नाही. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सादर केला. त्यात फासे होते, शत्रूची सगळी फौज तुम्हाला दिसत नसे, आणि मध्ये एक पंच बसून कुणाला काय कळलं ते ठरवत असे. लढाई म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी खेळात दैव आणि अंधार मुद्दाम घातला. बाकीचे आपण दैव काढून टाकलेला खेळ शतकानुशतकं कवटाळून बसलो आहोत. यात मला फार मोठी गोष्ट दिसते.

जगातल्या मोठ्या खेळाडूंचे व्यवसाय बघितले तर कुठलाही एक साचा सापडत नाही. 1894 ते 1921 अशी सत्तावीस वर्षं जगज्जेता राहिलेला लास्कर गणितातला डॉक्टरेट. त्याचा प्रतिस्पर्धी टाराश वैद्यकी करणारा. बोटविनिक विद्युत अभियंता. तैमानोव्ह मैफली गाजवणारा पियानोवादक. मॅक्स युवे अॅमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवायचा. 1935 मध्ये त्याने अलेखाइनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं आणि दोन वर्षांनी गमावलं. शिकवणं मात्र त्याने सोडलं नाही.

आणि आपल्याकडचा मीर सुलतान खान. पंजाबातल्या एका बड्या जमीनदाराच्या, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला माणूस. तो शिकला ते देशी बुद्धिबळ, ज्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आमच्या आजोबांची पिढीही तसंच खेळायची. मालकाबरोबर तो लंडनला गेला आणि 1929 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा. कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला त्याने हेस्टिंग्जच्या स्पर्धेत हरवलं. मग मालक परतले म्हणून तोही परतला आणि पुढे शेती करत राहिला. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. तो जेवायला कुठे बसणार, कुठल्या देशात राहणार, हे दुसरं कुणी ठरवत होतं. कोणतं मोहरं हलवायचं, एवढं एकच त्याच्या हातात होतं. सुलतान खानाची आठवण आली, की मला माझं म्हणणं सगळ्यात खरं वाटतं.

आता हळदीच्या अडत्यांचं सांगतो, म्हणजे जावयांच्या बोलण्याचं उत्तर पुरं होईल. यार्डात त्यांचा शब्द चालतो. हळकुंड मोडून, वास घेऊन, ते मालाची जात आणि ओल सांगतात. आवक किती येईल, भाव कधी हलेल, याचा त्यांचा अंदाज क्वचित चुकतो. पटावर मात्र सातवी-आठवीतली पोरं त्यांना वीस चालींत गुंडाळतात. एक डोकं, दोन जागा, दोन वेगळी माणसं. याचं कारण शास्त्रज्ञांनी शोधलं आहे. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी अमेरिकेत एक प्रयोग मांडला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, की निष्णात खेळाडू ती बरीचशी पुन्हा मांडायचे. नवख्यांना चार-पाच मोहरीच आठवायची. मग मोहरी वाट्टेल तशी विखरून ठेवली, तेव्हा निष्णातांची ती करामत जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे सरावाने येतं ते त्या त्या पटाचं ओळखीचं ज्ञान. अडत्यांच्या डोक्यात हळदीचे असे हजारो डाव साठलेले आहेत. ते यार्डातच उपयोगी पडतात. म्हणून मुलाला गणितात मार्क पडावेत म्हणून बुद्धिबळाला घालणाऱ्या पालकांना मी सांगत असतो, त्याला खेळ आवडतो का एवढं बघा.

अडत्यांना मी एकदा विचारलं होतं, "एवढं हरता, तरी येता?" ते म्हणाले, "दिवसभर समोरच्याच्या मनात काय आहे ते हुडकतो. इथं त्याच्या मनातलं पटावर मांडलेलं असतं."

आणि सिस्टर. अतिदक्षता विभागात क्षणात निर्णय घेणारी बाई जलद डाव उत्तम खेळत असेल, असं कुणालाही वाटेल. त्या जलद डावाला बसतच नाहीत. घड्याळ लावलं की उठतात. मोबाइलवर त्या नागपूरच्या मैत्रिणीशी दिवसाला एक चाल असा डाव खेळतात. एक डाव तीन तीन महिने चालतो. वॉर्डात विचार करायला जो वेळ कधी मिळत नाही, तो त्या इथे वसूल करतात.

सांगलीत हे बोलतोय म्हणून भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ उभं करून त्यांनी या गावाला खेळाचा नाद लावला. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे याच गावच्या पटावर घडल्या. एका मध्यम आकाराच्या गावात मुलींनी बुद्धिबळात देश गाजवावा, हे कुणाच्या तरी रोजच्या, न कंटाळता केलेल्या कामाशिवाय होत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. 2005 च्या पुरात मी ड्युटीवर होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी तासातासाला कळत होती आणि मी चार्टवरचा एकेक मार्ग लाल पेनने खोडत होतो. आधी नरसोबाची वाडी, मग औदुंबर, मग बाकीचे. एरवी एक गाडी नादुरुस्त झाली तर दुसरी कुठून काढायची, कुणाला डबल ड्युटी लावायची, हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्या रात्री लावायला काही उरलंच नव्हतं. वीज गेली. एका कंडक्टरच्या पिशवीत छोटा चुंबकी पट होता. बॅटरीच्या उजेडात आम्ही दोघं खेळायला बसलो. बाहेर पाण्याचा आवाज. त्याने प्यादं पुढे सरकवलं आणि मी पटाकडे बघतच राहिलो. चौसष्ट घरांपैकी एकही घर पाण्याखाली नव्हतं. कुठूनही कुठेही जाता येत होतं. तो डाव कोण जिंकलं, ते आठवत नाही. पट तेवढा आठवतो.

आता सध्याचं. फळछाटणी सुरू झाल्यापासून अण्णा बैठकीला आलेले नाहीत. आमचा एक डाव अर्धवट राहिला आहे. ती स्थिती मी वहीच्या पानावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवली आहे. माझा वजीर त्यांच्या राजाच्या अंगावर आहे, त्यांचं एक प्यादं सातव्या घरात आहे. बागेत ते रेडिओ लावून ठेवतात, म्हणून इथूनच सांगतो. अण्णा, चाल तुमची आहे. घाई नाही. डिपिंग आटोपलं की या.

नमस्कार.