काया: सहा मात्रांतला रेगे

(पडदा काळा. लाकडं तडतडल्याचा आवाज. मग जाळ दिसतो, आणि जाळावर धरलेलं बकऱ्याचं कातडं.)

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे आपल्याकडचा कुठलाही हलगीवाला सांगेल. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर रावान नावाचं मोठं गोल वाद्य आहे. तेही असंच जाळावर शेकतात, कातडं ताणलं गेलं की मगच त्यावर थाप पडते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हे वाद्य वाजवत एक गाणं-नाच घडवला. त्याचं नाव सेगा. पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत, घासत घासत नाचायचं. 1835 मध्ये तिथली गुलामगिरी संपली. सेगा टिकला, पण वरच्या थरातली माणसं पुढेही कित्येक वर्षं त्याला हलकंच समजत राहिली.

(दृश्य: पोर्ट लुई बंदर. क्रेन, कंटेनर. मग त्यामागची पत्र्याची घरं.)

राजधानीच्या उत्तरेला, बंदराला लागून रॉश ब्वा ही वस्ती आहे. गुलामांच्या वंशजांची, म्हणजे क्रिओल लोकांची. 10 ऑगस्ट 1960 रोजी इथे जोझेफ रेजिनाल्ड तोपीझचा जन्म झाला. तो आठ वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, 12 मार्च 1968 ला, देश स्वतंत्र झाला. पुढे साखर, कापडगिरण्या आणि पर्यटनावर मॉरिशस सुधारत गेला. आफ्रिकेतली यशोगाथा म्हणून त्याचं कौतुक होऊ लागलं. रॉश ब्वा मात्र मागेच राहिलं. 1993 मध्ये रोजे सेरवो या कॅथलिक धर्मगुरूने या कोंडीला नाव दिलं, 'क्रिओल अस्वस्थता'. जोझेफ तोपर्यंत तीच गोष्ट गाण्यांतून सांगू लागला होता.

कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावरच्या रेगे या संगीताने त्याला झपाटलं. रेगेचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली 1981 मध्ये वारला तेव्हा जोझेफ वीस वर्षांचा होता. मार्लीच्या 1978 च्या अल्बमवरून त्याने स्वतःला नाव घेतलं, काया. आपल्या कानाला त्यात देह ऐकू येतो. जमैकात काया म्हणजे गांजा.

आता खरी गोष्ट सांगतो. नुसता मार्ली गाणारे जगाच्या प्रत्येक बंदरात सापडतात. कायाने तेवढ्यावर भागवलं नाही. रेगे चार मात्रांत चालतो: गिटारचा खटका ठोक्याच्या मधल्या जागेत, ड्रमचा वजनदार ठोका तिसऱ्या मात्रेवर. सेगा सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्याला जवळचा, पण त्याहून कितीतरी चपळ. ही दोन चक्रं एकमेकांत बसवायची कशी? एक आरामात डुलतंय, दुसरं पायाला चटका लागल्यासारखं धावतंय. काया आणि त्याच्या 'रासीनतातान' या बँडने खाली रेगेचा बास ठेवला आणि वर सेगाची लगबग सोडली. जमैका आणि मॉरिशस यांच्यामध्ये अख्खा आफ्रिका खंड आडवा आहे. दोन्हीकडची माणसं मात्र एकाच व्यापारात विकली गेलेली. म्हणून हा सांधा उसना वाटत नाही.

त्याचं नावही त्या सांध्यातूनच आलं, सेगे. 1989 च्या अल्बमचं नाव 'सेगे नू लामिझिक', म्हणजे 'सेगे, आपलं संगीत'. त्यातला 'आपलं' मला फार मोलाचा वाटतो. सरकारी कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि बोलणं सगळ्यांचं क्रिओल याच नावाच्या बोलीत. आमच्या कोकणातून मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज, ज्यांची जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने जिवंत आहे, तेही रस्त्यावर क्रिओलच बोलतात. काया त्या भाषेत गायला, जेव्हा ती शाळेत शिकवलीही जात नव्हती. 12 लाखांच्या आसपास वस्तीचा देश, त्यातले कॅसेट विकत घेणारे किती असणार? तरी सेगे बेटभर पसरला, शेजारच्या रियुनियन बेटावरही पोहोचला.

(दृश्य: रिकामं मैदान. आवाज नाही.)

16 फेब्रुवारी 1999. रोझ हिल इथे गांजावरचे कडक कायदे सैल करावेत, या मागणीसाठी जलसा होता. काया गायला, गांजा ओढला. त्यासाठी त्याला अटक झाली. रविवारी, 21 तारखेला, पोर्ट लुईच्या लाइन बॅरेक्स या पोलीस मुख्यालयात, 'अल्काट्राझ' नावाच्या कोठडीत तो मृत सापडला. डोक्याला जबर मार होता. वय 38.

त्याने स्वतःच डोकं आपटून घेतलं, असं पोलिसांचं म्हणणं. रियुनियनहून आलेल्या डॉक्टरने पुन्हा तपासणी केली, तिचा निष्कर्ष या म्हणण्याशी जुळला नाही. रॉश ब्वा पेटलं. रस्ते अडवले गेले, पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले आणि दंगल बेटभर पसरली. त्यात बर्जे आगात हा आणखी एक सेगे गायक गोळीबारात मारला गेला. कायाच्या मृत्यूसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

बेटाबाहेर कायाचं नाव निघतं ते बहुतेक या पाच दिवसांसाठी. त्याआधीची सगळी वर्षं, तालमी, गाणी त्यांच्याखाली दबून जातात. याचं मला दुःख होतं.

(दृश्य: शाळेचा वर्ग. मग समुद्रकिनाऱ्यावर सेगा.)

2012 पासून मॉरिशसच्या शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय आहे. 2014 मध्ये पारंपरिक सेगाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. सेगे वाजवणारे बँड आजही आहेत.

आता त्याचं गाणं लावतोय. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा बास लक्ष वेधून घेईल. घेऊ द्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याच्यावरची ती सहा मात्रांची लगबग शोधा, मग पायाने ठेका धरा, टाच न उचलता.

(निवेदन संपतं. गाणं सुरू.)