गुलाबी जीव आणि उजेडाचं विष

नमस्कार श्रोतेहो, बडोद्याहून बोलतोय. ब्लेफरिस्मा नावाचा एक जीव आहे, एकाच पेशीचा, कुजक्या पानांच्या पाण्यात सापडतो, मायक्रोस्कोपखाली गुलाबी दिसतो. अंधारात मजेत असतो आणि कडक उजेडात धरला की मरतो, आणि त्याला मारतो त्याचाच रंग.

आता हे कळायची सुरुवात कुठून झाली, ती गोष्ट मला सांगायचीच आहे. म्युनिकमध्ये १८९७-९८ च्या हिवाळ्यात ऑस्कार राब नावाचा मेडिकलचा विद्यार्थी प्रोफेसर टापायनरांच्या हाताखाली काम करत होता. पॅरामेशियम नावाच्या एकपेशीय पाण्यातल्या जीवांवर ॲक्रिडीन हा रंग टाकायचा आणि ते किती वेळात मरतात ते बघायचं, बस. पण आकडे जुळेनात, तोच रंग, तेवढाच डोस, आणि एका दिवशी पटकन मेले तर दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ जिवंत. आजकालची पोरं काय करतात, न जुळणारा आकडा खोडून टाकतात, कोचिंग क्लासनी हेच शिकवलंय, असो. राबने आठवून बघितलं तर एका प्रयोगाच्या दिवशी जोराचं वादळ होतं, आभाळ काळं झालेलं. मग त्याने मुद्दाम काही अंधारात, काही उजेडात ठेवले. उजेडातले लवकर मेले. नुसत्या उन्हाने फारसं काही होत नव्हतं, त्या डोसच्या नुसत्या रंगानेही नाही, दोन्ही एकत्र आले की मरायचे. १९०० साली ते छापून आलं आणि पुढे टापायनरांनी दाखवलं की ऑक्सिजनही लागतो. म्हणजे रंग, उजेड आणि ऑक्सिजन, तिन्ही हवेत, पुन्हा सांगतो, तिन्ही. रंग उजेड शोषतो, ती ताकद ऑक्सिजनला देतो आणि चवताळलेला ऑक्सिजन पेशीचं आवरण फोडतो. हळदीचा डाग उन्हात उडतो तो काहीसा असाच.

ब्लेफरिस्मा तर असाच एक स्वतःचा रंग अंगातच बाळगतो, कातडीखालच्या बारीक दाण्यांत, ब्लेफरिस्मिन म्हणतात त्याला. मग जपतो कशाला? एक तर त्यानेच उजेड कळतो आणि तो सावलीकडे पळतो. दुसरं, डायलेप्टस नावाचा शिकारी चावायला आला की ब्लेफरिस्मा हे दाणे बाहेर फेकतो, आणि शिकाऱ्याला ते विष अंधारातसुद्धा लागतं, उजेडाची वाट बघत नाही. मंद उजेडात वाढवलात तर त्याचा गुलाबी रंग निळसर होतो आणि मग कडक उजेडही त्याला जरा जास्त सोसतो.